घरं बारा, पुनवा बारा

चिंचोके भिजत घातले की आमच्या घराला एक आंबूस, मातकट वास सुटायचा आणि तो अंगावरच्या कपड्यांनासुद्धा लागायचा. विणून झालेल्या घोंगडीला खळ द्यायची ती चिंचोक्यांची. ते भाजायचे, भिजवायचे, साल काढून पाट्यावर वाटायचे आणि मग मोठ्या पातेल्यात त्यांची खळ शिजवायची. त्यामुळं ज्वारीचं पोतं एखाद्या साली तळाला जाई, पण चिंचोक्यांचं पोतं दाराआड कायम उभं असे. आम्ही पोरं त्यावर बसून भाकरी खायचो. पुढं त्या पोत्याचं काम पडणार आहे म्हणून आधीच सांगून टाकलं. नाहीतर माझी सवय अशी की माणसांच्या नादात वस्तू सांगायच्या राहून जातात.

येडशीच्या पुढं, रामलिंगाच्या डोंगराला लागून आमची धनगरांची वस्ती. घरं बारा, पण एकमेकांच्या हाकेला येतील अशी नाहीत. नाल्याच्या अलीकडं चार, पलीकडं तीन आणि खालच्या माळावर पाच. आमच्या घरात थोरले आबा, म्हणजे माझे चुलते, कर्ते होते आणि त्यांच्या बायकोला आम्ही मोठी आई म्हणायचो. माझे वडील, अण्णा, आबांच्या पाठचे. अण्णा येडशी स्टेशनावर गँगमन होते, दिवसभर रुळावरून चालायचे आणि घरी आल्यावर दोन पावलंही सरळ जमिनीवर चालायचा त्यांना कंटाळा असे. सगळ्यांत धाकटे सोपानकाका. मेंढरं त्यांच्याकडं. दिवाळी सरली की ते मेंढरं घेऊन बाहेर पडत, ते आभाळ भरून यायला लागल्यावरच परतत. मधे एखाद्या जत्रेला वगैरे तोंड दाखवून जात. संध्याकाळी अरुंद रुळांवरच्या लहान गाडीची शिटी डोंगराला लागून आमच्यापर्यंत आली की आई येसराच्या आमटीला फोडणी घाली, कारण आता अण्णा येणार. आमच्याकडं घड्याळ होतं, पण त्याच्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

आमच्या बारा घरांत देव एक, आणि त्याला स्वतःचं घर नव्हतं. चांदीचा एक मुखवटा, वेताच्या दुरडीत, काळ्या घोंगडीच्या तुकड्यावर ठेवलेला. तो एका पुनवेपासून दुसऱ्या पुनवेपर्यंत एका घरी राही. कुणाच्या घरी, ते देवच ठरवी. नाल्याकाठच्या लिंबाखाली तांब्याची एक घागर ठेवत. तिच्यात गळ्यापर्यंत भंडारा आणि त्या भंडाऱ्यात बारा सुपाऱ्या. प्रत्येक घराची सुपारी ओळखू यावी म्हणून तिच्यावर लोकरीचा दोरा, ज्याच्या त्याच्या गाठीचा. वस्तीतलं एखादं लहान पोर घागरीत हात घाली आणि हाताला लागेल ती सुपारी वर काढी. घागर सांभाळायचे धुळाबाबा. हे फार म्हातारे होते, त्यांच्या भुवयासुद्धा भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या असत. ते गाठ चाचपून घराचं नाव सांगत आणि सुपारी पुन्हा घागरीत टाकून हातानं खोल ढवळत. ती परत का टाकायची, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "देवाला पुन्यांदा त्याच घरी ऱ्हावं वाटलं तर? आपून कोण त्येचा हात धरनार?"

एका पुनवेला घागरीत हात घालायचा मान मलाही मिळाला होता. कोपरापर्यंत हात पिवळा झाला होता, आणि आतला भंडारा थंड होता एवढं आठवतं. आपल्या घराची गाठ मला पाठ होती, पण आत सगळ्या सुपाऱ्या सारख्याच लागल्या. मी काढली ती खालच्या माळावरच्या एका घराची निघाली, आणि घरी आल्यावर मोठी आई माझ्याशी जेवणापर्यंत बोलली नाही.

देव घरी असला की त्या घरात महिनाभर माणसं येत-जात, आंबील ढवळली जाई, आणि त्या घरची बाई नैवेद्य करताना जरा ताठच बसे. सगळे म्हणत, घरं बारा आणि पुनवा बारा. म्हणजे वर्षाकाठी प्रत्येकाच्या उंबऱ्यात देव एकदा येणारच. हे मी इतकं ऐकलं होतं की त्याचा कधी विचारच केला नाही. एखाद्याकडं दोनदा-तीनदा गेला तर ती त्याची पुण्याई. आणि वर्षभरात ज्याच्याकडं आलाच नाही, तो गप्प बसे. त्याला विचारायची पद्धत नव्हती. देव तुमच्याकडं आला नाही का, असं विचारणं म्हणजे त्या घरात काय खोट आहे असं विचारणं. अर्धी माणसं मेंढरांमागं गावोगाव फिरत असायची, मागच्या पुनवेला देव कुठं होता हे चार जणांना विचारलं तर चार उत्तरं यायची. जिथं देव गेला ती घरं सगळ्यांना आठवत. जिथं गेला नाही त्यांची आठवण ठेवायचं कुणाला काही कारण नव्हतं.

सोपानकाकांचं लग्न झालं त्याच्या आधीच्या वर्षात देव आमच्याकडं तीनदा आला होता, त्यातही दोनदा लागोपाठ. लग्न वैशाखात, पुनवेच्या अगोदर. धाकटी काकू आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडची. नाव पारू. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. तिला काकू म्हणायचं आणि अहोजाहो करायचं, असं मोठ्या आईनं बजावलं होतं. काकू म्हणायला जमलं, अहोजाहोला जीभ वळली नाही. काकू हसायला लागली की तिच्या हातातली लोकर तुटायची आणि मग लोकर तुटली म्हणून ती आणखी हसायची. नव्या सुनेला पहिल्या वर्षी मेंढरांमागं वाटेवर नेत नाहीत ही आमच्याकडची रीत, त्यामुळं ती घरीच होती. मला ती फार आवडायची. हे इथं स्पष्ट लिहिते, कारण तेव्हा मी ते तिला किंवा दुसऱ्या कुणाला सांगितल्याचं आठवत नाही.

वैशाखाच्या पुनवेला आमची सुपारी निघाली नाही. ज्येष्ठात नाही, आषाढात नाही. दसरा-दिवाळीपर्यंत घरात कुणी तोंडातून शब्द काढला नव्हता, पण मोठ्या आईनं काकूला देव्हाऱ्यात दिवा लावू देणं बंद केलं होतं. मग पुनवेची आंबील करायचं बंद झालं. मग एक दिवस आबा म्हणाले की आजची भाकरी शालनच्या आईनं थापावी. शालन म्हणजे मी. आबा वाईट माणूस नव्हते, हे मला मुद्दाम लिहायला हवं. आजारी मेंढराजवळ ते रात्र रात्र बसत आणि आम्हा पोरांवर त्यांनी कधी हात उगारला नाही. पण देव घरात येत नाही याचं कारण त्यांना हवं होतं. आणि घरात नवीन असं काय आलं होतं, तर काकू. माघात त्यांनी ठरवून टाकलं.

"चैताच्या जत्रंला बी देव आला न्हाय तर पोरीला वाशीला धाडायचं. देव आपल्या मनानं आला की बोलवून घिऊ."

अण्णा म्हणाले, "आबा, जरा दमानं घ्या की."

"म्या काय सोडचिठ्ठी दितोय व्हय? देव आला की गाडी धाडतो."

अशी 'देव आला की बोलवू' म्हणून गेलेली एक बाई आमच्या भावकीत होती. आमच्या लहानपणापासून ती माहेरीच होती.

मी तेव्हा धाराशिवला बारावीत होते. सरकारी कागदावर शहराचं नाव वेगळं होतं, आमच्या तोंडी मात्र ते धाराशिवच. मुलींच्या वसतिगृहात राहायचे आणि शनिवारी एसटीनं येडशीला उतरून घरी चालत यायचे. गणितात 'संभाव्यता' नावाचा धडा लागला होता आणि तो माझ्या डोक्यावरून जात होता. पिशवीत पाच तांबडे आणि सात काळे चेंडू आहेत, न बघता एक काढला. मला कळेना की न बघता कशाला काढायचा आणि इतके चेंडू पिशवीत भरून माणूस निघाला कुठं. बाकीच्या मुली भराभर अपूर्णांक लिहायच्या, मी त्या चेंडूंचंच काय काय मनात आणत बसायचे. एक दिवस सरांनी फळ्यावर वाचून दाखवलं: काढलेला चेंडू परत पिशवीत टाकून पुन्हा एक चेंडू काढला. माझ्या हातातला पेन थांबला. परत टाकायचं हे मी ऐकलेलं होतं. ही आमची घागर होती.

तास संपल्यावर मी सरांना गाठलं. गणिताचे सर लातूरकडचे, स्वभावानं तिरसट, पण प्रश्न विचारला की त्यांना बरं वाटे.

"सर, बारा सुपाऱ्या आहेत. महिन्यातून एकदा एक काढायची आणि परत टाकायची. बारा महिन्यांत प्रत्येक सुपारी एकदा निघेल ना?"

"का निघेल?"

"बारा सुपाऱ्या आणि बारा महिने, म्हणून."

"असं कुठं असतं? सुपारीला काय आठवतं, मी मागच्या महिन्यात निघाले होते?" त्यांनी लॉगची पुस्तिका उघडली. "परीक्षेला हे असं येत नाही. तरी बघू. एका वेळी तुझी सुपारी न निघण्याची संभाव्यता बारापैकी अकरा. बारा वेळा न निघण्याची म्हणजे अकरा भागिले बारा, हे बारा वेळा गुणायचं."

त्यांनी एकदा केलं, मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा केलं. "पॉइंट पस्तीस. शंभरात पस्तीस वेळा वर्षभर तुझी सुपारी निघणारच नाही."

"पस्तीस?"

"मलाही वाटलं होतं कमी येईल," ते म्हणाले आणि मान खाजवायला लागले. मग त्यांनाच चेव आला. सगळ्या बाराच्या बारा एकेकदाच निघायच्या, तर तसं वर्ष अठरा हजार वर्षांत एखादं येईल, असं त्यांनी काढून दाखवलं. "आणि प्रत्येकीची न निघण्याची पॉइंट पस्तीस, अशा बारा. बारा गुणिले पॉइंट पस्तीस. चार पॉइंट दोन. याला अपेक्षित मूल्य म्हणतात. वर्षाला सुमारे चार सुपाऱ्या राहूनच जाणार."

"कुठल्या चार?"

"ते गणितात नाही."

"आणि अकरा महिने नाही निघाली, तर बाराव्या महिन्यात नक्की निघेल?"

"बारात एक. पहिल्या महिन्यात होती तेवढीच."

मला गणिताचा फार राग आला. घरी मोठी आई रोज म्हणत होती की आता इतक्या पुनवा गेल्या, आता आपलीच पाळी. मीही मनातल्या मनात त्याच भरवशावर होते. सरांनी तो भरवसा काढून घेतला आणि बदल्यात चार पॉइंट दोन दिले. त्यांचं काय करायचं मला समजत नव्हतं.

शनिवारी घरी गेले तर दुपारची सामसूम होती. आबा रानात, मोठी आई पलीकडच्या वस्तीवर, आणि काकू गोठ्यात एकटी लोकर पिंजत बसलेली. हसत नव्हती. मी दाराआडच्या पोत्यातून बारा चिंचोके काढले, प्रत्येकावर दाभणाच्या टोकानं वेगळी खूण कोरली आणि पिठाच्या डेऱ्यात टाकले. डेरा गोठ्यात नेला आणि काकूला म्हटलं, हात घाल. ती म्हणाली, पिठात कशाला, मोठी आई बोलतील. तरी तिनं घातला. एक काढला, बघितला, परत टाकला, मी ढवळलं. असं बारा वेळा, म्हणजे आमचं एक वर्ष. जे चिंचोके एकदाही निघाले नाहीत ते पाच भरले. दुसऱ्या वर्षी तीन. मग चार, मग सहा, मग पुन्हा चार. गाडीची शिटी होईपर्यंत आमची कितीतरी वर्षं झाली, आणि कुणीच राहिलं नाही असं एकही वर्ष निघालं नाही. काकूचे हात पांढरे झाले होते आणि एक बट तिनं त्याच हातानं मागं सारली होती.

"म्हंजी कोन ना कोन ऱ्हातंयच," ती म्हणाली.

"व्हय. सरांनी काढून दाखवलंय. चार घरं ऱ्हातात. चार पॉइंट दोन."

"पॉइंट दोन घर म्हंजी कुनाचं? त्यो खालचा मोडका गोठा व्हय?"

आणि ती हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. मग एकदम थांबून म्हणाली, "पर आपूनच का ऱ्हायलो?"

मी पुढं शिक्षिका झाले, हाच धडा कितीतरी वर्षं शिकवला, आणि दर वेळी फळ्यावर अपूर्णांक मांडताना मला त्या गोठ्यातला तो प्रश्न आठवायचा आणि खडू थांबायचा. परवा माझ्या नातीच्या शाळेची सोडत मोबाईलवर निघाली, तिचा नंबर लागला नाही. सून म्हणाली, आपलंच नशीब कसं असं. मी तिला सांगायला लागले की अर्ज इतके आणि जागा इतक्या. ती माझ्याकडं अशी बघायला लागली की मी मधेच थांबले. हिशोब बरोबर होता. तिनं हिशोब विचारलाच नव्हता.

काकूनं मात्र त्या चिंचोक्यांतून एक गोष्ट उचलली, आणि ती माझ्या मनात कधीच आली नव्हती. "म्हंजी आपल्या वस्तीवर आजून तीन घरं हायती," ती म्हणाली. "आपलं धरून चार. ती बी गप बसल्याती."

"काकू, चारच असतील असं न्हाय. दोन असतील, सहा असतील. एखाद्या वर्षी आपलं एकटंच बी असंल. चार हे आपलं..." मला 'सरासरी' हा शब्द तिला कसा सांगावा ते सुचेना.

"तूच म्हनालीस की चार."

"म्हनाले, पर..."

"मग झालं तर."

ती लोकर पिंजायला लागली. मी धाराशिवला परत गेले. परीक्षा आली, त्यात संभाव्यतेचं उदाहरण आलं, मी ते सोडून दिलं.

चैत्राची पुनव म्हणजे आमची जत्रा. मेंढरं कुणाच्या तरी हवाली करून पुरुषमाणसं आलेली, लेकी माहेरी आलेल्या, लिंबाखाली घुगऱ्यांची पातेली आणि ढोलांचा असा दणका की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. सोपानकाका आदल्या दिवशी आले होते. ते काकूकडं बघत नव्हते आणि आबांकडंही बघत नव्हते. वाशीहून काकूचा भाऊ भाड्याची जीप घेऊन आला होता. त्याला आबांनीच निरोप धाडला होता. काकूची पेटी सकाळीच दोरीनं बांधून ओट्यावर ठेवली होती. मोठी आई तिच्याजवळून जाताना पदर सावरत होती. मला वाटतं, तिलाही ते बरं वाटत नव्हतं.

ढोल थांबले. धुळाबाबांनी घागर ढवळली. खालच्या माळावरच्या एका पोरीनं हात घातला. मला आठवतं, मी डोळे मिटून 'बारात एक, बारात एक' असं घोकत होते, देवाचं नाव घ्यावं तसं. धुळाबाबांनी गाठ चाचपली आणि नाव घेतलं. नाल्यापलीकडचं घर. त्यांच्याकडं देव दिवाळीतसुद्धा होता.

भंडारा उधळला गेला. आबांनी डोक्यावरचा पटका काढून पुन्हा बांधला आणि जीपकडं हात केला. काकूच्या भावानं पेटी उचलायला पाऊल टाकलं. काकू नैवेद्याचं ताट घेऊन बायकांत उभी होती. तिनं ते खाली ठेवलं आणि पदर डोक्यावर ओढून पुढं आली. नव्या सुनेनं लिंबाखाली पुरुषांपुढं बोलायचं नसतं. तिचा आवाज कापत होता, पण मोठा होता.

"मला जायचंच हाय. जायच्या आदी एक इच्चारते. म्या ह्या वस्तीवर आल्यापासनं देव आनखी कुनाकुनाच्या घरी आला न्हाय?"

सगळीकडं शांत झालं. मोठी आई पुढं होऊन तिचा हात धरायला लागली, तिनं सोडवून घेतला. चार पॉइंट दोन माझं होतं. ते घेऊन ती सगळ्या वस्तीपुढं उभी होती आणि एकही तोंड उघडत नव्हतं. मला पळून जावंसं वाटत होतं.

मग खालच्या माळावरची सखूबाई, उतरत्या वयाची बाई, जमिनीकडं बघत म्हणाली, "आमच्याकडं न्हाय आला बया. म्हून तर मालकानं दक्षिनंचं दार लिंपून घेतलं. तरी बी न्हाय."

नाल्याच्या अलीकडची एक पोर, काकूच्याच वयाची, कडेवर लेकरू. तिची सासू शेजारीच होती. ती सासूकडं न बघता म्हणाली, "आमच्यात बी न्हाय. म्या दर पुनवंला उपाशी ऱ्हाते. अंगावर पाजते तरी."

सासूनं तोंड फिरवलं. तीन झाली. काकू तशीच उभी होती. "आजून एक हाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात इतकी खात्री होती की मला रडू यायला लागलं. मला ओरडून सांगायचं होतं की काकू, तीनही असू शकतात, चार म्हणजे चारच नव्हेत, ते तसं नसतं. ते कसं असतं हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. बायका एकमेकींकडं बघत होत्या. माना हलत होत्या. कुणी पुढं येत नव्हतं.

"हाय," असा आवाज आला तो बायकांतून आला नाही. धुळाबाबा घागरीच्या काठावर दोन्ही हात ठेवून बसले होते. "आमच्या घरी न्हाय आला. दोन वर्सं झाली. म्या कुनाला बोललो न्हाय. म्हनलं, ढवळताना माझ्याच हातून काय चुकतंय का काय."

आबा त्यांच्याकडं बघत राहिले. सगळ्या वस्तीत देवाला धुळाबाबांइतकं जवळचं कुणी नव्हतं. त्यांच्या घरात खोट आहे असं म्हणायची छाती आबांची नव्हती, कुणाचीच नव्हती. आणि ती म्हणायची नाही, तर मग बाकीच्या तिघांच्या घरात कशी म्हणायची, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. काकूनं डोळे पुसले आणि आबांपुढं खाली वाकून नमस्कार केला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आबा, ही गाडी बारीक पडंल. मोठी सांगा. चार घरच्या आमी चौघी जाताव."

पहिल्यांदा हसले ते धुळाबाबा, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. आबा हसले नाहीत. मग काकूच्या भावाला म्हणाले, "पाव्हनं, जेवून जावा." सोपानकाकांनी जाऊन पेटीची दोरी सोडली. गाठ घट्ट होती, ती त्यांना दातानं सोडावी लागली. त्या दिवशी दुपारी आबांच्या ताटात काकूनं भाकरी वाढली आणि आबांनी ती खाली बघत खाल्ली. त्यावर घरात कुणी कधी काही बोललं नाही. श्रावणात आमची सुपारी निघाली, तेव्हा देव काय म्हणून आला हेही कुणी विचारलं नाही. सुपाऱ्या अजूनही परत घागरीतच टाकतात. ते काही बदललं नाही.

मला मात्र त्या गोष्टीचा उलगडा होत नाही. त्या दिवशी बरोबर चार निघाली, पण दोन निघाली असती, किंवा धुळाबाबा गप्प बसले असते, तर माझं गणित तेवढंच बरोबर राहिलं असतं आणि काकू जीपमध्ये बसली असती. मग गणितानं तिला वाचवलं असं कसं म्हणायचं? आणि नाही वाचवलं, तर कुणी वाचवलं? गेल्या दिवाळीत वस्तीवर गेले होते. काकूच्या तोंडात आता कवळी आहे, लोकर कुणी कातत नाही, चिंचोक्यांचं पोतं कधीच गेलं. ओट्यावर बसून आम्ही दोघी चहा पीत होतो. मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"काकू, त्या दिवशी कुनीच बोललं नसतं तर? आपलं एकटंच घर निघालं असतं तर?"

तिनं बशीतला चहा संपवला आणि बशी कपाखाली ठेवली.

"मग गेले असते की," ती म्हणाली. "पर इच्चारून गेले असते."